टाकी भरलेलीच असते

आमच्या घरात सेप्टिक टाकीचं खातं माझ्याकडे आहे. कोणी सोपवलं नाही, गळ्यात पडलं. सासऱ्यांनी घर बांधलं, टाकी बांधून घेतली, वर माती टाकून अंगण सारखं केलं आणि ती नेमकी कुठे आहे हे डोक्यात ठेवूनच गेले. त्यानंतर अकरा वर्षं तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग एका सकाळी, नेमके घरात पाहुणे असताना, खालच्या न्हाणीच्या जाळीतून काळं पाणी वर आलं.

सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "टाकी भरली." मीही तेच म्हणत होते. मैला उपसणारी गाडी बोलावली, पाणी उतरलं, हुश्श झालं. नवव्या दिवशी पुन्हा तेच पाणी, तीच जाळी.

दुसऱ्यांदा जी गाडी आली तिच्यावरचा माणूस जाणता होता. उपसून झाल्यावर त्याने मला हाक मारली. "ताई, लांबूनच बघा. टाकी खाली केली ना आपण? मग हे पाणी कुठून येतंय?" ज्या पाइपातून पाणी बाहेर जायला हवं त्याच पाइपातून ते टाकीत परत येत होतं. बोटाएवढी धार, काळपट, न थांबणारी. टाकीतून निघालेलं पाणी जमिनीत मुरवणारा पलीकडचा शोषखड्डा तुडुंब भरला होता आणि इकडे जागा मिळताच पाणी उलटं फिरलं होतं. "टाकीला काही झालं नाही," तो म्हणाला, "खड्डा मेलाय तुमचा."

त्या दिवशी मला कळलं की सेप्टिक टाकी कायम भरलेलीच असते. बांधल्यावर पहिल्या काही दिवसांत ती काठोकाठ, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीपर्यंत भरते आणि मग जन्मभर तशीच राहते. वरून बादलीभर आलं की पलीकडून बादलीभर जातं. झाकण उघडून "भरलीय" म्हणण्याला काही अर्थ नाही. पाण्याखाली गाळ किती साठलाय, एवढंच विचारायचं असतं. मी तीस वर्षं गणित शिकवलंय, त्यामुळे "किती" विचारलं की मला काठी आणि वही लागते. पुढचं सगळं त्या वहीतून.

आत काय चालतं

घरातलं सांडपाणी टाकीत आलं की संथ होतं. जड मैला तळाशी बसतो, तो गाळ. तेल, चरबी, साबणाचा फेस आणि हलकं काहीबाही वर तरंगतं, त्याची साय धरते. मधला थर त्यातल्या त्यात निवळ पाण्याचा. बाहेरच्या पाइपाला आतून इंग्रजी टी अक्षरासारखा तुकडा लावलेला असतो. त्याचा खालचा पाय या मधल्या थरात बुडालेला असतो, म्हणून साय आणि गाळ मागे राहून फक्त मधलं पाणी बाहेर पडतं. आत येणाऱ्या पाइपालाही असाच टी असतो, पाणी धबधब्यासारखं पडून गाळ ढवळला जाऊ नये म्हणून. बहुतेक टाक्यांना मध्ये भिंत असते. पहिला कप्पा साधारण दोन तृतीयांश, दुसरा एक तृतीयांश.

गाळात हवेशिवाय जगणारे जिवाणू असतात. ते मैला कुजवतात, त्याचं आकारमान घटतं, वायू तयार होतात. सेप्टिक या शब्दाचा अर्थच मुळी सडवणारं. पण सगळं सडत नाही. फ्रान्समधल्या मूरास नावाच्या गृहस्थाने १८८१ साली अशा बंद टाकीचं पेटंट घेतलं तेव्हा कौतुक कशाचं झालं, तर कित्येक वर्षांनी उघडली तरी तिच्यात घन मैला जवळजवळ नव्हता. "ही टाकी आपलं आपण सगळं पचवते" ही समजूत तेव्हापासून आजतागायत टिकून आहे. आमच्या सासऱ्यांचीही तीच होती. खरं तर प्रत्येक माणसामागे वर्षाला साधारण ४० लिटर न पचलेला गाळ साठतो असं धरून चालतात. उष्ण हवेत थोडा कमी.

हा गाळ वाढत वाढत टीच्या पायापर्यंत आला की बाहेरच्या पाण्याबरोबर निघतो आणि शोषखड्ड्याच्या मातीत जाऊन बसतो. मातीची भोकं बुजतात, वर काळा बुळबुळीत थर धरतो आणि पाणी मुरेनासं होतं. टाकी उपसणं हे एका सकाळचं काम, शोषखड्डा नव्याने खणणं म्हणजे अंगण उखडून टाकणं. आम्ही उखडलं. टाकी उपसायची ती खड्ड्यासाठी, हे मी एवढं कष्टाने शिकले.

आधी टाकी शोधा, मग कागदावर मांडा

तुमची टाकी कुठे आहे हे माहीत असेल तर हा भाग सोडून द्या. नसेल तर घरातून मैल्याचा पाइप कुठल्या भिंतीतून बाहेर पडतो ते बघा आणि त्याच दिशेने चाला. लोखंडी सळई मातीत हलक्या हाताने खुपसत गेलं की काही अंतरावर ती टणक आणि सपाट काहीतरी लागून थांबते. तोच स्लॅब. पहार वापरू नका, पाइप फुटतो. उन्हाळ्यात एक खूण फुकट मिळते. स्लॅबवर माती थोडीच असते, त्यामुळे तिथलं गवत आधी वाळतं.

सापडली की घराच्या दोन कोपऱ्यांपासून झाकणाच्या मध्यापर्यंतची दोन अंतरं मोजा आणि लिहून ठेवा. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे: स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापासून ६.४ मीटर, जिन्याच्या कोपऱ्यापासून ४.१ मीटर. दोन दोऱ्या ताणल्या की जिथे मिळतील तिथे झाकण. बाणांचं चित्र किंवा "झाडाजवळ" अशी नोंद करू नका. झाडं मरतात.

झाकण मातीखाली दडलेलं असेल तर एकदा खर्च करून ते जमिनीच्या पातळीला आणून घ्या. चौकट थोडी वरच ठेवा, पावसाचं पाणी आत उतरायला नको. दर वेळी खणायचं म्हटलं की माणूस तपासणी पुढे ढकलतो, हा स्वतःचा अनुभव.

झाकण उघडण्याआधी

इथे मी शाळेतल्या बाईंचा आवाज लावणार आहे.

टाकीत उतरायचं नाही. रिकामी असली तरी नाही, काल उघडून ठेवली असली तरी नाही, "दोन मिनिटांचं काम" असलं तरी नाही. आत मिथेन असतो, कार्बन डायऑक्साइड असतो आणि हायड्रोजन सल्फाइड असतो. हा शेवटचा कुजक्या अंड्यासारखा वास देतो खरा, पण तो जास्त झाला की आधी नाकच बधिर करतो. वास गेला म्हणजे हवा चांगली झाली असं वाटतं आणि तिथेच घात होतो. त्याहून दाट झाला तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. टाकीतल्या अपघातांत एकाऐवजी दोन-तीन माणसं जातात, कारण पहिल्याला काढायला दुसरा उतरतो आणि त्याच्यामागे तिसरा. कोणी पडलंच तर अग्निशमन दलाला बोलवा. श्वसनाचं उपकरण घातलेला माणूसच आत जाऊ शकतो.

बाकी गोष्टी लवकर सांगते. घरात कोणीतरी असताना आणि त्याला सांगूनच झाकण उघडायचं. काडी, विडी, उदबत्ती, कसलीही ज्योत जवळ नको. झाकण सरकवून अर्धा तास लांब थांबायचं, मग वारा पाठीवर घेऊन उभ्याने काम करायचं. तोंडाशी वाकायचं नाही. मुलं आणि कुत्री घरात. हातमोजे, पायात बूट. काम संपेपर्यंत उघडं तोंड सोडून फोन घ्यायलासुद्धा जायचं नाही.

आणि झाकण उलटं करून त्याची खालची बाजू बघायची. हे कोणी करत नाही. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड वरच्या ओल्या सिमेंटवर जाऊन बसतो, तिथले जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि ते काँक्रीट खात राहतं. वरून झाकण नवंकोरं दिसतं, खालून भुसभुशीत झालेलं असतं. आमच्या झाकणाच्या पोटाला मी खिळ्याने टोकरलं तर पीठ पडलं आणि गंजलेली सळई उघडी झाली. त्याच झाकणावर मुलं लंगडी खेळायची. त्याच आठवड्यात बदललं.

काठीने मोजणं

ही वर्षातून एकदाची गोष्ट आहे. मी पावसाआधी करते, कारण तेव्हा जमीन कोरडी असते आणि काही निघालंच तर दुरुस्तीला वेळ मिळतो.

अडीच मीटरचा सरळ पीव्हीसी पाइप घ्या. खालच्या सव्वा मीटरला जुनं पांढरं सुती कापड एकपदरी गुंडाळा आणि वीतभर अंतरावर सुतळीने बांधा. पांढरंच का ते पुढे दिसेल. पहिल्या कप्प्यातली साय एका जागी बाजूला सारून तिथून काठी सावकाश, उभी, खाली सोडा. मध्ये एका ठिकाणी हाताला किंचित जडपणा जाणवतो, जसं पाण्यातून चिखलात पाय जावा. ती गाळाची सुरुवात. तिथे थांबू नका, तळाला टेकेपर्यंत जाऊ द्या. ढवळायचं मात्र नाही, गाळ हलवला की वायू सुटतो. तळाला टेकली की दोन-तीन मिनिटं तशीच धरा. मग तितक्याच सावकाश वर घ्या.

कापडावर दोन रेषा दिसतात. वरची रेष पाण्याची, तिच्यावर कापड कोरडं. खालची रेष गाळाची, तिच्याखाली कापडाच्या विणीत काळे बारीक कण रुतलेले असतात आणि ते झटकून जात नाहीत. मधला भाग नुसता मळका, करडा. पहिल्या वर्षी मला दोन्हींतला फरक ओळखता येईना, कारण मी काठी घाईने ओढली आणि काळं पाणी सगळ्या कापडावर ओघळलं. दुसऱ्यांदा केलं तेव्हा रेष पट्टीने आखल्यासारखी आली.

वरच्या रेषेपासून टोकापर्यंत मोजलं की पाण्याची खोली मिळते, आमची १२० सेंटिमीटर. खालच्या रेषेपासून टोकापर्यंत मोजलं की गाळाची जाडी.

सायीसाठी दुसरी काठी लागते. तिच्या टोकाला काटकोनात वीतभर लांबीची पट्टी ठोका. साय भेदून खाली घाला आणि हळूहळू वर ओढा. पट्टी सायीला खालून लागली की हात अडतो. तिथे काठीवर खूण, सायीच्या वरच्या पातळीला दुसरी खूण, मधलं अंतर म्हणजे सायीची जाडी. हीच पट्टी बाहेरच्या टीच्या पायाखाली अडकवून त्याची खोलीही नोंदवून ठेवता येते.

आता निकाल. तीनपैकी जे आधी होईल तेव्हा गाडी बोलवायची. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाली. किंवा बाहेरच्या टीच्या पायापासून गाळ ३० सेंटिमीटरपेक्षा जवळ आला. किंवा सायीचा खालचा थर त्याच पायापासून १५ सेंटिमीटरपेक्षा जवळ आला.

आमच्या वहीतले आकडे असे. आमची टाकी आतून २ मीटर लांब, १ मीटर रुंद, पाणी १२० सेंटिमीटर, म्हणजे २,४०० लिटर. एक तृतीयांश ८०० लिटर. घरात पाच माणसं, वर्षाला २०० लिटर गाळ. भागाकार केला तर चार वर्षं. पण काठी काय म्हणाली? पहिल्या वर्षी १३ सेंटिमीटर, दुसऱ्या वर्षी २४, तिसऱ्या वर्षी ३६ आणि वर सहाची साय. ४२ झाले, मर्यादा ४०. चौथं वर्ष लागलंच नाही. मी दोन दिवस हिशेब तपासत बसले, मग ट्यूब पेटली. भागाकारात मी गाळ सगळ्या टाकीत सारखा पसरवला होता. प्रत्यक्षात तो जवळजवळ सगळा पहिल्या कप्प्यातच बसतो.

म्हणून कोणी "दर तीन वर्षांनी", "दर पाच वर्षांनी" असं सांगितलं तर ते सुरुवातीपुरतं धरा. पाच माणसांच्या घरात आणि दोघंच राहतात त्या घरात एकच आकडा चालेल कसा? तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की तुमच्या टाकीची चाल तुम्हाला कळते.

काम झाल्यावर कापड पिशवीत बांधून कचऱ्यात. काठ्या ब्लीचच्या पाण्याने धुवून उन्हात. माझ्या काठ्यांवर लाल रंगाने "टाकी" लिहिलंय, कारण एकदा त्यातली एक जळमटं काढायला निघाली होती.

गाडी येते त्या दिवशी

गाडीवाल्यांना घाई असते. त्यामुळे तिथे उभं राहावं लागतं आणि विचारावं लागतं. दोन्ही कप्प्यांची झाकणं उघडायला सांगा. नुसत्या एका कप्प्याचं पाणी ओढून "झालं" म्हणण्याची पद्धत आहे. वरचं पाणी ओढणं सोपं असतं, तळाचा घट्ट गाळ राहून जातो. तो सुटण्यासाठी थोडं पाणी जोराने उलटं मारून ढवळावं लागतं, मग परत ओढावं लागतं. ते करून घ्या.

टाकी घासूनपुसून लख्ख करायची गरज नाही. तळाशी चिकटून राहिलेल्या गाळात पुढचे जिवाणू असतात. "आता विरजण घाला" म्हणून यीस्ट, शेण किंवा पाकिटातली पावडर टाकायला सांगणारे भेटतात. माणसाच्या एक ग्रॅम मैल्यात अब्जावधी जिवाणू असतात, ते रोज न चुकता टाकीत जातातच. आणखी विरजण कशाला? काही पावडरी तर गाळ सैल करून शोषखड्ड्याकडे पाठवतात, म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या.

टाकी रिकामी असताना वरूनच, टॉर्चच्या उजेडात, चार गोष्टी बघा. दोन्ही टी जागेवर आहेत का? आमचा बाहेरचा टी गळून तळाशी पडला होता, म्हणजे साय थेट खड्ड्यात जात होती आणि किती वर्षं, देव जाणे. भिंतींना तडे किंवा झिरपण आहे का? मधल्या भिंतीतली वाट मोकळी आहे का? आणि त्या जाणत्या माणसाने दाखवलं ते, बाहेरच्या पाइपातून पाणी परत येतंय का?

मैला कुठे नेऊन टाकणार हे जरूर विचारा. प्रक्रिया केंद्राऐवजी तो नाल्यात किंवा शेतात जात असेल तर आपलं अंगण स्वच्छ झालं एवढंच, तोच मैला दुसऱ्याच्या विहिरीत.

टाकी प्लास्टिकची किंवा फायबरची असेल तर उपसल्यावर ताबडतोब पाण्याने भरा. जमिनीखालचं पाणी वर आलेलं असताना रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते आणि पाइप तुटतात. याच कारणाने ऐन पावसात, जमीन पाण्याने भरलेली असताना, कुठलीही टाकी पूर्ण उपसू नये.

टाकीत काय जाऊ द्यायचं नाही

नियम सोपा आहे: मैला, मूत्र, पाणी आणि कमोडचा कागद. एवढंच. ओले वाइप्स पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, ते विरघळत नाहीत. पॅड, डायपर, कंडोम, कानातल्या काड्या, केसांचे गुंते, सिगारेटची थोटकं, यातलं काहीही जिवाणू खात नाहीत.

सगळ्यात लबाड गोष्ट तेल. ते पाइपातून पातळ जातं आणि आत थंड होऊन थिजतं, मग सायीचा जाड थर होतो. भांडी घासण्याआधी कागदाने किंवा फडक्याने पुसून घ्यायची सवय आमच्याकडे लागली तेव्हापासून साय सहा सेंटिमीटरवर थांबली आहे. सिंकखाली अन्न दळणारं यंत्र लावलं असेल तर गाळ वेगाने वाढणार हे धरून चाला.

साफसफाईच्या रसायनांबद्दल लोक उगाच घाबरतात किंवा मुळीच घाबरत नाहीत. आठवड्याला थोडं ब्लीच किंवा टॉयलेट क्लीनर वापरल्याने टाकी मरत नाही, हजारो लिटर पाण्यात ते पातळ होतं. एका दिवशी बाटलीच्या बाटल्या ओतल्या तर मात्र जिवाणू मरतात आणि काही दिवस न कुजलेला मैला पुढे सरकतो. रंग, थिनर, कीटकनाशक, उरलेली औषधं, विशेषतः प्रतिजैविकं, कमोडमध्ये ओतायची नाहीत. आणि टाकीशी संबंध नसला तरी सांगते: ब्लीच आणि आम्लाचा क्लीनर एकत्र करू नका, क्लोरीन वायू होतो.

पाण्याचाही अतिरेक होतो. मैला बसायला टाकीत पाणी निदान एक दिवस, शक्यतो दोन दिवस संथ राहायला हवं. आठवड्याचे सगळे कपडे रविवारी धुतले तर लाटेसारखं पाणी येतं आणि गाळ उचलून नेतं. दोन-तीन दिवसांत वाटून धुवा. गळका फ्लश तर छुपा शत्रू. चांगला गळत असेल तर दिवसाला ७०० लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं, म्हणजे आमच्या अख्ख्या घराच्या वापराइतकं, आणि कोणाला आवाजही येत नाही. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग चमचाभर टाका आणि पंधरा मिनिटं कोणाला आत जाऊ देऊ नका. फ्लश न करता कमोडात रंग उतरला तर झडप गळतेय. छताचं आणि अंगणाचं पावसाचं पाणी टाकीला जोडलेलं असेल तर ते आजच तोडा.

शोषखड्डा आणि हवेची नळी

शोषखड्ड्याचं सगळ्यात मोठं औषध म्हणजे त्याला एकटं सोडणं. त्याच्यावर गाडी उभी करू नका, माती दाबली जाते. फरशी घालू नका, मातीला हवा हवी. मोठी झाडं लावू नका, मुळं पाण्याच्या वासावर येतात आणि पाइप फोडतात. भाजीपाला तर नकोच. गवत बरं. विहीर किंवा बोअर किमान १५ मीटर लांब हवी. रेताड जमिनीत आणि भेगांच्या खडकात तेवढंही पुरत नाही.

नवा खड्डा खणला तेव्हा आम्ही जुना बुजवला नाही. मध्ये छोटं चेंबर बांधून पाणी इकडे किंवा तिकडे वळवायची सोय केली. खड्ड्याला काही महिने विश्रांती मिळाली की मातीत हवा जाते आणि तो काळा बुळबुळीत थर हळूहळू कुजून जातो. दीड वर्षाने जुन्या खड्ड्यात पाणी सोडलं तर मुरायला लागलं, नव्याइतकं नाही, पण मुरलं. आता दर वर्षी काठीच्या दिवशीच वाटही बदलते.

टाकीतला वायू वर सोडणाऱ्या हवेच्या नळीच्या तोंडाची जाळी वर्षातून एकदा बघा. सेप्टिक टाकी क्युलेक्स डासांचं आवडतं बाळंतघर आहे. जाळीची भोकं दीड मिलिमीटरपेक्षा मोठी नसावीत. लोखंडी जाळी टाकीतल्या वायूने गंजून गळून पडते, म्हणून नायलॉनची किंवा स्टेनलेस स्टीलची लावा. संध्याकाळी नळीच्या तोंडाशी डासांचा धूर दिसला तर जाळी गेली समजा. झाकणाच्या फटीही बुजवा, डास तिथूनही निघतात.

तुंबलं तर आधी काय बघायचं

गाडीला फोन करण्याआधी पाच मिनिटं थांबा. एकच बेसिन किंवा एकच कमोड तुंबला असेल तर दोष त्याच्याच पाइपात आहे, टाकीचा संबंध नाही. सगळं घर एकदम मंदावलं, फ्लश केल्यावर न्हाणीतून गुडगुड आली, सर्वांत खालच्या जाळीतून पाणी वर आलं, तर मुख्य पाइप, टाकी किंवा खड्डा.

आता टाकीचं झाकण उघडा, वर सांगितलेली सगळी काळजी घेऊन. पाणी बाहेरच्या पाइपाच्या पातळीला आणि घरात तुंबलेलं, तर अडथळा घर आणि टाकी यांच्यामध्ये. पाणी त्या पातळीच्या वर चढलेलं, तर बाहेरचा टी किंवा शोषखड्डा तुंबला. टीवर गाळणी बसवलेली असेल तर आधी ती धुवा, धुतलेलं पाणी टाकीच्या पहिल्या कप्प्यातच जाऊ द्या. आणि पाणी पातळीच्या खाली असेल तर टाकी फुटली आहे आणि तुमचा मैला जमिनीत चाललाय. घरात काहीच त्रास नसल्याने हा दोष वर्षानुवर्षं कळत नाही.

फक्त जोराच्या पावसातच तुंबत असेल तर जमीन पाण्याने भरली आहे. तेव्हा उपसून फायदा नाही, पाणी कमी वापरा आणि ओसरू द्या. खड्ड्यावरचं गवत ऐन कोरड्या दिवसांत हिरवंगार असेल तर कौतुक करू नका, तिथे पाणी वर येतंय.

एक शेवटची नोंद, कारण दर वेळी कोणी ना कोणी विचारतं. घर दोन महिने बंद ठेवलं तर टाकीला काही होत नाही, जिवाणू तग धरून राहतात. परत आल्यावर घरभर घाण वास येतो तो टाकी बिघडल्याचा नसतो. न्हाणीच्या जाळीखालच्या वाकड्या पाइपातलं पाणी आटून गेलेलं असतं आणि टाकीतली हवा सरळ घरात येते. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता, खिडक्या उघडा आणि तासभर बाहेर बसा.